पाण्याच्या पाळीच्या वहीपासून पद्मच्या अर्जापर्यंत

पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, हे मी राज्यशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. ते प्रत्यक्ष करायला बसलो तेव्हा त्यात केवढं काम असतं ते कळलं. खानदेशातल्या पांझरा नदीकाठच्या दोन गावांतल्या आम्ही काही मंडळींनी 2024 साली आमच्या भागातल्या एका माजी सरपंचांसाठी पद्मश्रीचा प्रस्ताव भरला. त्यांना लहानथोर सगळे जिभाऊ म्हणतात. इथेही तेवढंच पुरे. त्यांनी धरण बांधलं नाही, संस्था काढली नाही. पाण्यावरून एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन गावांत त्यांनी समझोता घडवला आणि टिकवला. असा माणूस कागदावर मांडायचा कसा, हीच आमची खरी अडचण होती. इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून तो सगळा प्रवास लिहिते आहे.

निमित्त झालं नरसिंह रावांचं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं. त्या दिवशी वाचनालयात पेपर वाचायला आलेल्यांत गप्पा रंगल्या. राव रामटेकमधून 1984 आणि 1989 असे दोनदा लोकसभेवर गेलेले, उत्तम मराठी जाणणारे, त्यामुळे ते आपलेच असं बऱ्याच जणांना वाटत होतं. बोलणं सगळं 1991च्या आर्थिक सुधारणांवर चाललेलं. मी त्यांच्या परराष्ट्र धोरणाकडे वळले. 1994 साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगापुढे पाकिस्ताननं काश्मीरचा ठराव आणला, तेव्हा रावांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व कुणाला दिलं? लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्याला, अटलबिहारी वाजपेयींना. पाकिस्तानला अखेर तो ठराव मागे घ्यावा लागला. देशाची बाजू मांडायला आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याला पुढे करायचं, ही त्यातली मोठी गोष्ट. पुढे वाजपेयींना 2015 साली भारतरत्न मिळालं, रावांना 2024 साली.

मी हे सांगत असताना आमचे ग्रंथपाल म्हणाले, “मॅडम, जिभाऊंनी पाटाच्या वेळी हेच केलं होतं की. बोलणी करायला त्यांनी खालच्या गावच्या तात्यांनाच पुढे घातलं होतं.” क्षणभर कुणी बोललं नाही. मग सगळेच एकदम बोलायला लागले. प्रस्तावाची कल्पना तिथे निघाली.

बाहेरच्या वाचकाला आमच्या पाटाचं प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर खानदेशात आणि लगतच्या बागलाणात शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या म्हणजे छोटे फाटे, आणि त्याखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याचा हिशेब सोपा राहतो. पाणी शेतात सोडायचं काम पाटकऱ्याचं, राखण जागल्याची, त्यांच्यावर हवालदार, आणि सगळ्यांच्या वर गावचे पंच. शेतकऱ्यानं स्वतः पाटाला हात लावायचा नाही. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी पंच ठरवणार की यंदा अमुक फड पडीक, तमुक भिजणार. सरकारी पाटबंधारे खातं जन्मालाही आलं नव्हतं तेव्हापासून हा कारभार गावकऱ्यांनी चालवला आहे. आमच्या भागातले कित्येक बंधारे आता नावापुरते उरलेत. विहिरी आणि मोटारी आल्या, नदीतली वाळू गेली, वर धरणं झाली. तरी काही ठिकाणी पाट अजून वाहतो, आणि अक्कलपाडा धरणातून नदीत पाण्याचं आवर्तन सुटलं की गावात आजही पहिला विषय तोच असतो.

आमच्याकडे एकाच बंधाऱ्यावर दोन गावं. वरच्या गावाच्या शिवारातून पाट खालच्या गावाला जातो. 1972च्या दुष्काळात पाट फोडण्यावरून मारामारी झाली, डोकी फुटली, केसेस झाल्या. त्यानंतर दोन्ही गावांत सोयरिकी बंद. एका गावची लग्नाची वरात दुसऱ्या गावातून जात नसे, वळसा घालून जाई. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा एकाच बाकावर या दोन गावांची पोरं बसत नसत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

जिभाऊ वरच्या गावचे सरपंच झाले ते ऐंशीच्या दशकात. पाणी त्यांच्या हातात, पाट त्यांच्या शिवारात. त्यांना बोलणी करायची काही गरज नव्हती, आणि खरं मोठेपण मला इथेच दिसतं. त्यांनी खालच्या गावच्या तात्यांना निरोप पाठवला. हे तात्या म्हणजे केसमधले पहिल्या नंबरचे फिर्यादी. बैठक कुणाच्याच गावात घ्यायची नाही, शिवेवरच्या मारुतीपाशी घ्यायची. पहिल्या बैठकीत पाण्याच्या वाटणीचा विषयच काढायचा नाही. फक्त पाणी मोजायचं कसं एवढं ठरवायचं. पाण्याच्या मापावर दोघांचं एकमत झाल्याशिवाय वाटणीवर कधीच होणार नाही, हे त्यांना शाळा न शिकता कळलेलं होतं.

ते माप आजही आहे. पाटाच्या तोंडाशी एक काळा घडीव दगड आहे, त्यावर छिन्नीनं मारलेल्या दोन आडव्या खुणा. पाणी वरच्या खुणेला असेल तर दोन्ही गावांना पाणी घ्यायच्या ठरलेल्या पाळ्या. पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरलं की वरच्या गावानं आपला एक फड सोडायचा आणि पहिली पाळी खालच्या गावाच्या शेवटच्या चारीला द्यायची. शेवटच्या चारीचं पोट आधी भरलं की मधे चोरी करायला कुणाला तोंड राहत नाही. खुणा मारायला पाथरवट तिसऱ्याच गावचा आणला होता, आणि त्याची मजुरी दोन्ही गावांनी निम्मी निम्मी दिली.

आता प्रस्तावाकडे येते. सुरुवातीला आमच्यातल्या काहींना थेट भारतरत्नासाठी पत्रं पाठवावीत असं वाटत होतं. त्यांना समजवावं लागलं की भारतरत्नासाठी अर्जाची वाट नाही. त्याची शिफारस पंतप्रधान थेट राष्ट्रपतींना करतात. पद्म पुरस्कारांचं तसं नाही. राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवर खातं उघडून कुणीही नाव सुचवू शकतं, स्वतःचं नावसुद्धा. त्या वर्षी मुदत 1 मे ते 15 सप्टेंबर होती. आलेली नावं पंतप्रधानांनी नेमलेल्या समितीपुढे जातात. तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात, सोबत गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि काही मान्यवर. तिथून पंतप्रधान, मग राष्ट्रपती, आणि यादी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. एका वर्षात 120 हून जास्त पुरस्कार द्यायचे नाहीत अशी मर्यादा आहे, मरणोत्तर आणि परदेशस्थ सोडून. आणि सहसा पद्म मरणोत्तर दिला जात नाही, अगदी विशेष बाब म्हणूनच देतात. ही शेवटची अट वाचल्यावर आमच्या हातांना वेग आला. जिभाऊंचं वय लपून राहिलेलं नव्हतं.

पोर्टलवरची माहिती भरणं तसं कठीण नाही. वाचनालयातल्या एका मुलीनं बसल्या बैठकीला खातं उघडून दिलं, मोबाइलवर ओटीपी आला, झालं. अडलं ते जन्मतारखेपाशी. आधारवर 1 जानेवारी, शाळेच्या रजिस्टरात 1 जून, आणि साल दोन्हीकडे वेगळं. खानदेशात काय, अख्ख्या महाराष्ट्रात त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस गुरुजींनी ठरवलेला. आम्ही आधारवरचीच तारीख घेतली आणि शाळेचा दाखला जवळ ठेवला. जुन्या केसमधल्या तडजोडीची नक्कल मिळवायला मात्र फार पायपीट झाली. एका कार्यालयात रेकॉर्ड पावसात भिजून खराब झालं म्हणून सांगितलं, पुन्हा गेलो तर तिथूनच एक गठ्ठा निघाला. त्यात आमचा कागद होता. असो, मिळाला हे महत्त्वाचं.

पुढचा प्रश्न क्षेत्राचा. कला, क्रीडा, वैद्यक, समाजकार्य, सार्वजनिक कार्य, नागरी सेवा, व्यापार-उद्योग अशी क्षेत्रं असतात. तंटा मिटवणं, बोलणी करणं यासाठी वेगळा रकाना नाही. बहुतेकांचं मत समाजकार्याकडे होतं, कारण हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांना 2020 साली पद्मश्री मिळाली ती समाजकार्यासाठी, आणि तेही सरपंचच. मी सार्वजनिक कार्यावर अडून बसले. सुषमा स्वराजांना 2020 साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते सार्वजनिक कार्यासाठी. जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे यांना 2021 साली पद्मविभूषण जाहीर झालं तेही याच क्षेत्रात, पद सोडल्यानंतर काही महिन्यांतच. आबेंनी 2007 साली भारताच्या संसदेत हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या संगमाबद्दल भाषण केलं होतं, पुढे भारत, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया एकत्र आले त्याची ती पायाभरणी. ते देशांचं राजकारण, हे दोन गावांचं. प्रकार एकच. जिभाऊंनी केलं ते राजकारणच होतं, आणि ते राजकारण म्हणूनच नोंदलं जावं असा माझा आग्रह होता. गावोगावी राजकारण या शब्दाला जो वास येऊ लागला आहे तो बघता तर मला हे फार गरजेचं वाटलं. शेवटी सगळ्यांनी मानलं.

याच सुमारास वरच्या गावच्या ग्रामसभेत एका आजींनी विचारलं, आपल्या खानदेशातल्या कुणाला असा मान मिळाला आहे का? मी प्रतिभाताईंचं सांगितलं. बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या, 1962 साली जळगावातून आमदार झालेल्या आणि 2007 साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झालेल्या. राष्ट्रपती असताना 2008 साली त्या मेक्सिकोच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. त्या देशानं परदेशी व्यक्तींना दिला जाणारा आपला सर्वोच्च सन्मान, ऑर्डर ऑफ द ॲझटेक ईगल, 2019 साली त्यांना पुण्यात दिला. त्यांच्याआधी हा सन्मान मिळालेले आपले राष्ट्रपती म्हणजे डॉ. राधाकृष्णन. आजींनी एवढंच विचारलं की त्या कुणाच्या भांडणात पडल्या होत्या. मी म्हटलं, भांडण होऊ नये म्हणून आधीच मैत्री ठेवणं हेही त्यातच येतं. त्यांना पटलं असावं, कारण त्यानंतर ठरावाला पहिला हात त्यांचा वर झाला.

सगळ्यात जड गेलं ते 800 शब्दांचं निवेदन. माणसानं नेमकं काय केलं, त्यात विशेष काय, समाजाला काय लाभलं, हे सगळं 800 शब्दांच्या आत लिहायचं. निव्वळ आपल्या क्षेत्रातलं प्रावीण्य पुरत नाही, त्यात लोकसेवेचा अंश लागतो, हे नियमावलीत स्पष्ट आहे. आमचा पहिला मसुदा वाचताना मलाच कंटाळा आला. थोर, निःस्वार्थी, कर्मयोगी, अजातशत्रू. असे शब्द कुणालाही लावता येतात. आणि खरी पंचाईत पुढेच होती. शाळा बांधली तर इमारत दाखवता येते, झाडं लावली तर जंगल दाखवता येतं. समझोत्यात दाखवायचं काय? न झालेली मारामारी? न पडलेली केस? जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणणार?

पुरावा वहीत सापडला. समझोत्यानंतर दोन्ही गावांच्या पाटकऱ्यांनी पाळ्यांची एक वही ठेवायला सुरुवात केली होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीसाठी वापरतात तशी. एका पानावर एक आवर्तन. पाणी कुठल्या खुणेला होतं, कुठल्या चारीला कधी सोडलं, कधी तोडलं, आणि खाली दोन सह्या, एक वरच्या गावच्या पाटकऱ्याची, एक खालच्या. सुरुवातीची काही वर्षं सह्यांच्या जागी अंगठे. जांभळ्या शाईचे, काही फिकुटलेले, काही इतके ठसठशीत की रेघ न् रेघ मोजता यावी. एका पानावर वरच्या गावच्या पाटकऱ्यानं मोडक्या अक्षरात लिहिलं आहे की आज पाणी खालच्या खुणेला आलं, आमचा फड सोडला. त्याच्याखाली दोन्ही अंगठे. तो फड त्या वर्षी स्वतः जिभाऊंच्या भावकीचा होता, हे गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलं. त्या एका पानात आम्हाला जे हवं होतं ते सगळं होतं.

आम्ही ते पान स्कॅन करून जोडलं. मग निवेदन नव्यानं लिहिलं, एकाही विशेषणाशिवाय. त्या दुष्काळात काय झालं होतं, बैठक कुठे झाली, खुणा कशा ठरल्या, कुठल्या वर्षी कोणाचा फड सुटला, आणि आज दोन्ही गावांत किती सोयरिकी आहेत. हिंदीत लिहिलं, कारण आमच्या सगळ्यांना ते वाचून तपासता येत होतं.

तरी माझं समाधान होईना. सगळं निवेदन वरच्या गावाच्या बाजूचं होतं. मध्यस्थाचं मोठेपण त्याच्याच माणसांनी सांगितलं तर त्याला किती वजन? वर्गात मी कॅम्प डेव्हिडचा करार शिकवत असे. सप्टेंबर 1978 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना डोंगरातल्या त्या निवासस्थानी 13 दिवस ठेवून घेतलं. दोघं समोरासमोर आले की ठिणग्या उडायच्या, म्हणून कार्टर मसुदा घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. करार झाला, पुढे 1979 साली शांतता तह झाला, 1982 पर्यंत सिनाई इजिप्तला परत मिळालं. त्या कामाचं 1978चं नोबेल सादात आणि बेगिन यांना मिळालं. कार्टरांना तेव्हा नाही. अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, त्यांना 1999 साली क्लिंटन यांनी अटलांटात दिला, आणि नोबेल 2002 साली. मेडल ऑफ फ्रीडम मिळालं तोवर पद सोडून 18 वर्षं उलटून गेली होती. मधल्या काळात करार मोडला नाही, म्हणून त्या पदकाला अर्थ. मध्यस्थाचं काम खरं की खोटं हे ठरवायला वेळ जावाच लागतो, आणि त्याची साक्ष ज्यांच्यात समेट झाला त्या दोघांनीच द्यायची असते.

म्हणून खालच्या गावात गेलो. तात्या काही वर्षांपूर्वी वारले. त्यांचे थोरले चिरंजीव शेती बघतात. ओट्यावर बसवलं, चहा झाला. विषय काढल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मॅडम, आमच्या वडिलांनी जिभाऊंना शेवटपर्यंत मित्र म्हटलं नाही. मी तसं लिहिलं तर खोटं होईल.” मी म्हटलं, जे खरं तेच लिहा. त्यांनी लिहिलेलं पत्र अर्ध्या पानाचं आहे. माझे वडील आणि ते कधी एका ताटात जेवले नाहीत, पण करार झाल्यापासून आमच्या घरातल्या कुणालाही पाण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, आणि जे ठरलं ते त्यांनी आपलं पीक गमावून पाळलं, असा त्यातला मजकूर. आमच्या सगळ्या फाइलीत याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. कौतुकाची डझनभर पत्रं होती, आमदारांची, संस्थांची. ती मी सगळ्यांत शेवटी लावली आणि हे पत्र वर ठेवलं.

जिभाऊंना हे सगळं आधी सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांना विचारूनच सुरू केलं होतं, पण त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. निवेदन वाचून दाखवायला गेलो तेव्हा ते खाटेवर बसून ऐकत होते. मधेच म्हणाले, “इतला कागद कसाले, बाई? पानी तठे पोचनं, इतलंच माले समजस.” मी पुढचं वाचत गेले. संपल्यावर त्यांनी विचारलं, यात तात्याचं नाव कितीदा आलं? मी मोजून सांगितलं, दोनदा. ते म्हणाले, “मी एकलानी काय करं? तात्या बी व्हतात.” त्यांनी आपली अट सांगितली. बोलणी तात्यांनी पुढे होऊन चालवली, स्वतःच्या गावाला त्यांनी समजावलं, शिव्या त्यांनी खाल्ल्या. वरच्या गावाला देणं सोपं होतं कारण पाणी आमच्या हातात होतं, घ्यायचं कबूल करणं खालच्याला अवघड होतं कारण 1972 त्यांच्या अंगावर झालं होतं. हे निवेदनात आलं तरच माझं नाव पाठवा.

त्यांचं बोलणं ऐकून मला जिनिव्हाचं प्रकरण पुन्हा नव्यानं कळलं. समझोता करायचा तर समोरच्याची आपल्या माणसांतली पत राखावी लागते, हे पाठ्यपुस्तकात इतकं स्पष्ट कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही. आम्ही निवेदन परत लिहिलं. दोघांना मिळून सुचवता येईल का, हाही विचार केला. पद्मच्या यादीत तशी उदाहरणं आहेत, गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांना 2018 साली जोडीनं पद्मश्री मिळाली. पण तात्या हयात नाहीत, आणि त्यांच्या जाण्याला वर्षं लोटलेली, तेव्हा तो मार्ग धरता आला नाही. नाव जिभाऊंचं आणि निवेदन दोघांचं असं ठरलं.

मुदतीच्या बरंच आधी अर्ज पाठवला. पोर्टलवर नोंद झाल्याचा क्रमांक आला. त्यानंतर काही विचारणा झाली, की कुणी चौकशीला आलं, याबद्दल आम्ही कुणाशी बोललो नाही, आणि बोलूही नये असं माझं मत आहे. दरम्यान गावातल्या पोरांनी बॅनरची तयारी चालवली होती. त्यावर नावाआधी पद्मश्री लावायचं होतं. त्यांना किताबांवर बंदी घालणारं घटनेचं 18 वं कलम समजावून सांगितलं. या पुरस्कारांवरून एकेकाळी मोठा वाद झाला होता. 1977 साली जनता सरकारनं ते बंद केले, 1980 साली पुन्हा सुरू झाले. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पुरस्कार घटनेला धरून आहेत, पण ते किताब म्हणून नावाच्या मागेपुढे वापरता येणार नाहीत. पैसे नाहीत, रेल्वेची सवलत नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, एवढंच. पोरांना ते ऐकून थोडं वाईट वाटलं. मला मात्र त्यातच त्या पदकाची शान वाटते.

25 जानेवारी 2025 ला यादी आली. 139 नावं. आम्ही वाचनालयात मोबाइलवर एकेक नाव वाचत होतो. जिभाऊंचं नव्हतं. पण एका नावाशी आम्ही सगळे थांबलो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे चैत्राम पवार, पद्मश्री. जंगल राखणारं ते गाव आमच्यापासून फार लांब नाही, आणि तिथेही काम एका माणसाचं असलं तरी कुऱ्हाडबंदी पाळली ती गावानं. त्या संध्याकाळी आमच्याकडे पेढे वाटले गेले ते त्यांच्या नावानं. जिभाऊंना फोन लावला तर त्यांनी आधीच टीव्हीवर बघितलं होतं. आपल्या नावाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बारीपाड्याच्या लोकांना आपल्याकडे पाट बघायला बोलवा, एवढं सांगितलं.

यादीत नाव का आलं नाही याचं कारण कुणी कळवत नाही, आणि मी ते शोधतही बसले नाही. पुढच्या वर्षासाठी पोर्टल 15 मार्च 2025 पासून खुलं झालं आणि आम्ही पुन्हा प्रस्ताव भरला. या खेपेला निवेदन मी लिहिलेलं नाही. तात्यांच्या चिरंजीवांनी आणि जिभाऊंच्या नातीनं एकत्र बसून ते लिहिलं आहे, खालच्या गावच्या ओट्यावर. पहिल्या वाक्यात तात्यांचं नाव आहे. शब्द जास्त झाले होते, तर त्यांनी जिभाऊंना मिळालेल्या सत्कारांची यादी सगळी काढून टाकली आणि अंगठ्यांच्या पानाचं वर्णन तसंच ठेवलं. पाळीची वही आता नीट जपायला हवी म्हणून ती स्कॅन करून तिची एकेक प्रत दोन्ही ग्रामपंचायतींत ठेवली आहे. मूळ वही मात्र पाटकऱ्याकडेच राहणार, कारण पुढच्या आवर्तनाच्या सह्या तिच्यातच व्हायच्या आहेत.